चार नंबरचा वारा

काचवाल्याच्याच गाडीच्या काचेतून पलीकडचं दिसत नसेल तर लोक हसणारच. बाबांची व्हॅन रस्त्याने जाताना लोक हसायचे आणि बाबा त्यांना हात करायचे. लोकांना आपल्याबद्दल आपुलकी आहे असा त्यांचा समज होता, आणि तो मोडायचं काम कणीने कधी केलं नाही.

व्हॅन जुनी होती, म्हणजे इतकी जुनी की जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारा दुकानदारसुद्धा तिचं नाव काढलं की आधी खुर्चीत बसून घ्यायचा. मागे दोन्ही अंगांना काचा तिरप्या उभ्या करायच्या लाकडी चौकटी होत्या, पुढे दोन सीट, आणि मधोमध डॅशबोर्डात हीटरचं एक गोल बटण. बटणाच्या खाली दोन सरकत्या दांड्या. एक गरम-गारची, दुसरी वारा काचेवर पाठवायचा की पायांवर हे ठरवणारी. बटणाभोवती एक ते चार आकडे होते. त्यातले एक, दोन आणि तीन केव्हाच देवाघरी गेले होते. राहिला होता चार. बटण चारवर नेलं की डॅशबोर्डाच्या पोटात पिठाची गिरणी सुरू व्हायची, आणि बिलं, रुमाल, हातमोजे असं जे काही हलकं असेल ते गाडीभर फिरायला लागायचं. गिरणी बंद ठेवावी तर थंडीच्या दिवसांत दोन माणसांच्या श्वासाने समोरची काच बघता बघता पांढरी व्हायची. थोडक्यात, त्या गाडीत बसणाऱ्याला दिसणं आणि ऐकू येणं यांतलं एकच काहीतरी मिळत असे, आणि गाडी चालवायची असल्यामुळे बाबांनी दिसणं पसंत केलं होतं.

कणी ही बाबांची एकुलती एक मुलगी. काच कापायच्या पेन्सिलीच्या टोकाला हिऱ्याचा बारीक कण बसवलेला असतो, त्याला हिरकणी म्हणतात. त्यावरून बाबा तिला लहानपणी हाक मारायचे, आणि वापरात 'हिर' झिजून गेलं. शाळा संपल्यापासून ती बाबांच्या हाताखाली होती. काचेचं एक टोक बाबांच्या हातात, दुसरं हिच्या, असं दोघांचं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

अडचण एवढीच की कणीला बाबांना एक गोष्ट सांगायची होती. दुसऱ्या शहरात एक कार्यशाळा होती, तिथे जुन्या इमारतींच्या रंगीत खिडक्या दुरुस्त व्हायच्या. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे लहान लहान तुकडे असतात त्या. कणीने मागे एका गिऱ्हाइकाची अशी फुटकी खिडकी आपल्या अकलेने जुळवून दिली होती, आणि ती त्या कार्यशाळेच्या बाईंच्या नजरेला पडली. बाईंनी निरोप धाडला: ये, शिक, पगारही देईन, मात्र महिनाअखेरपर्यंत काय ते कळव. कणीला जायचं होतं. डोळे मिटले की तिला लाल-निळे तुकडे दिसायचे आणि उघडले की आपल्या कारखान्यातल्या बिनरंगाच्या काचा, आणि त्या काचांचा तिला राग येऊ लागला होता. पण काच दोघांनी उचलायची वस्तू आहे. आपण गेलो तर दुसरं टोक कोण धरणार?

त्यातून गेले काही आठवडे भल्या सकाळी कारखान्यात काचा फुटायला लागल्या होत्या. आवाजाने कणी धावत खाली यावी तो बाबा झाडू घेऊन तुकडे भरत असायचे. मांजराने पाडली, म्हणायचे. घरात मांजर होतं, नाही असं नाही. पण ते म्हातारं, गलेलठ्ठ मांजर दिवसरात्र शेगडीपाशी पसरलेलं असायचं आणि दुधाची बशी लवंडायचीही त्याला उमेद उरली नव्हती. बाबांचे हात थकले आणि ते झाकताहेत, असा कणीने अर्थ लावला. हात थकलेल्या बापाला टाकून कुठल्या तोंडाने जायचं? जावं की राहावं हे बाबांशी बोलल्याखेरीज सुटणारं नव्हतं. आणि बोलायला साऱ्या जगात जागा नव्हती.

कारखान्यात बाबांचा नियम आड यायचा. काच हातात असताना तोंड बंद. नियमाला कारण होतं. बाबांचे पहिले भागीदार म्हणजे त्यांचे मेहुणे, कणीचे मामा. एकदा दोघं मिळून एका दुकानाची अख्खी दर्शनी काच रस्ता ओलांडून नेत असताना मामांनी भर रस्त्यात एक विनोद सांगितला. विनोद चांगला होता. काच गेली, भागीदारी गेली, मामांनी पुढे बिछान्यांचा धंदा काढला, कारण गादी हसता हसता पडली तरी फुटत नाही. बाबांना तो विनोद अजून आठवायचा, आणि आठवला की ते आधी हातातली काच खाली ठेवायचे. बरं, काच हातात नसेल तेव्हा चौकटीला मारायचे बारीक खिळे बाबांच्या ओठांत असायचे. अशा माणसाला प्रश्न विचारण्यात हशील नव्हतं.

घरी आत्या होती. बाबांची ही थोरली बहीण कणीची आई गेल्यापासून घर सांभाळत होती, आणि घराबरोबर घरातलं सगळं बोलणंही तिनेच सांभाळायला घेतलं होतं. तिच्या कानावर एखादी गोष्ट घालायची म्हणजे दवंडी पिटायचा खर्च वाचवायचा. ती जागी असताना दुसऱ्याला तोंड उघडायला फट मिळत नसे, आणि ती झोपायच्या आधीच बाबा खुर्चीत झोपलेले असत.

राहता राहिली व्हॅन. तिथे दोघंच. एकदा कणीने हिय्या करून चार नंबरच्या वाऱ्यावर आवाज चढवून सुरुवातही केली होती. दोन शब्द गेले असतील-नसतील, तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, नळावर भांडणाऱ्या बाईसारखा. काही गोष्टी ओरडून सांगता येतात: आग लागली, मुलगा झाला, ब्रेक दाबा. ही त्यातली नव्हती. बाबा, मी तुम्हाला सोडून जाऊ का, हे हळूच विचारायचं असतं. ती गप्प झाली. बाबांनी मान डोलावली, ती ते कशालाही डोलवायचे.

म्हणून कणीने हीटर दुरुस्त करायचा ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी ती पेचकस, पक्कड आणि आत्याच्या स्वयंपाकघरातला एक मोठा चमचा घेऊन व्हॅनमध्ये शिरली. बाबा मागोमाग आले. चालत्या गाड्याला कशाला खीळ घालतेस, वारा येतोय ना, काय बिघडलंय, असं त्यांनी तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिलं. ऐकत नाही म्हटल्यावर ते शेजारच्या सीटवर बसले आणि मदत करू लागले. बाबांची मदत म्हणजे निघेल तो स्क्रू तोंडात ठेवणं. खिळ्यांची सवय, दुसरं काय. कणीच्या मनात आलं होतं की काम करता करता सहज विषय काढावा, पण पहिले दोन स्क्रू बाबांच्या ओठांत जाऊन बसल्यावर तो बेत तिथेच बारगळला.

चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तिने बटण उचकटलं. दांड्यांची टोपणं ओढून काढली. समोरची पट्टी तरी सुटेना. शेवटी रक्षापात्र बाहेर ओढल्यावर त्याच्या मागे आणखी दोन स्क्रू सापडले. रक्षापात्रात वाळलेल्या लांबीच्या गोळ्या होत्या. काचेच्या कडेला लावायची ही लांबी बाबा उरली की जिथे जागा मिळेल तिथे चिकटवून ठेवायचे, आणि आपल्या घरातलं काय काय लांबीवर उभं आहे हे कणीने कधी नीट पाहिलं नव्हतं. पट्टी सुटली. मागून रंगीबेरंगी तारांचा झुबका आणि दांड्यांना जोडलेल्या दोन लोखंडी केबली बाहेर आल्या. केबल जागेवर धरून ठेवणारी एक चिमुकली क्लिप टण्णकन उडाली आणि पंचत्वात विलीन झाली. दोघांनी सीटखाली, पायाखाली, एकमेकांच्या कॉलरमध्ये शोधली. ती काही या जगात राहिली नव्हती.

बटणाच्या मागचा स्विच कणीने घासला, पुसला, फुंकला. पट्टी परत बसवताना एक स्क्रू कमी भरला. नेमकी त्याच वेळी आत्या चमच्याच्या शोधात तिथे आली. बाबा तोंडात स्क्रू ठेवतात हे तिला ठाऊक होतं, आता एक कमी आहे हे कळलं, आणि दोन्ही मिळून तिने जो निष्कर्ष काढला तो तिने गल्लीला ऐकवला. लहानपणी ह्याने एक गोटी गिळली होती, तेव्हा आठवडाभर घरातल्या मोठ्या माणसांना काय काय बघावं लागलं, हेही गल्लीला कळलं. बाबा जीभ बाहेर काढून, गाल ओढून दाखवत होते. स्क्रू त्यांच्या मफलरमध्ये निघाला. चमचा मात्र वाकला होता, आणि त्याबद्दल आत्या दोन दिवस बोलत होती.

सगळं बसवून कणीने बटण फिरवलं. एक, दोन, तीन ढिम्म. चारवर गिरणी. वर नवी गंमत अशी की दोन केबली एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. आता गरम-गारची दांडी ओढली की वारा काचेवर जायचा, आणि काचेचं चित्र असलेली दांडी ओढली की हवा तापायची. बाबांनी दोनदा ओढून बघितलं, समाधानाने मान हलवली आणि छान झालं म्हणाले. सवय झाली की काही कळणारही नाही, म्हणाले. कणीला त्या समाधानाचा संशय यायला हवा होता, पण ती तेव्हा आपल्या फुटलेल्या नखाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती पार्टवाल्याकडे गेली. गाडीचं नाव ऐकून तो रिवाजाप्रमाणे खुर्चीत बसला. मग त्याने विचारलं, पहिले तीन मेलेत आणि चौथा जिवंत आहे ना? कणी हो म्हणाली. मग बटणाने तुमचं काय घोडं मारलं होतं, तो म्हणाला. पहिल्या तीन आकड्यांची वीज एका लहानशा वेटोळ्यातून जाते, ते वेटोळं वाऱ्याचा जोर कमी करतं. चौथी त्याला वळसा घालून सरळ पंख्याकडे जाते. वेटोळं जळलं की तीन आकडे जातात, चौथा उरतो. ते बसतं पुढच्या खणाच्या खाली, दोन स्क्रूंवर. आणि लोक मात्र उठतात नि डॅशबोर्ड फोडतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एवढं सांगून तो मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळाने, कोळ्याची जाळी केसांत घेऊन, ती वस्तू फुंकत फुंकत बाहेर आला. पांढऱ्या ठोकळ्यावर तारेची वेटोळी, हातात मावेल एवढी. हे एवढंसं आपल्या आणि बाबांच्या मध्ये इतके दिवस उभं होतं, याचं कणीला हसू आलं.

तिने ती वस्तू घरी आणली आणि एकच चूक केली. ती बाबांना दाखवली.

बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नाजूक दिसतेय, मी जपून ठेवतो, म्हणाले. आणि संध्याकाळी कणी मागायला गेली तेव्हा ती हरवली होती. कुठे ठेवली ते आठवत नव्हतं. बाबांनी शोधायला सुरुवात केली, आणि काय उत्साहाने शोधली. गाद्या उलटल्या, डबे पालथे घातले, आत्याच्या शिवणाच्या पेटीत हात घालून सुई टोचून घेतली. एरवी स्वतःचा चष्मा शोधायला न उठणारा माणूस एका वेटोळ्यासाठी घर डोक्यावर घेत होता. कणीने दुसरी मागवायचं म्हटलं तर पार्टवाला म्हणाला की होती ती एकच होती. आणखी मिळेलही, पण उन्हाळ्यापर्यंत धीर धरा. महिना तर संपत आला होता. साऱ्या घराने मिळून साप साप म्हणून भुई धोपटली आणि वेटोळं मिळालं नाही.

ते मिळालं लांबीच्या डब्यात. कणी एका खिडकीसाठी लांबी काढायला गेली, तर चमच्याला काहीतरी कडक लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, वर सुतळी बांधून, डब्याच्या तळाशी गाडलेलं. तिने तो लांबी लागलेला गोळा बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मांजर," ते म्हणाले.

सुतळीची गाठ काचवाल्यांची होती, काचांचा गठ्ठा बांधताना मारतात ती. कणीने ती गाठ सोडली. तिला सगळं लख्ख कळलं होतं. बाबांना कुठून तरी सुगावा लागला होता, आणि त्यांना ते ऐकायचं नव्हतं. म्हणून चालत्या गाड्याला खीळ, म्हणून ते समाधान, म्हणून ही शोधाशोध. ताकाला तूर लागू न देता ते महिना संपायची वाट बघत होते. कणीला बाबांचा फार राग आला. इतकी वर्षं काचेचं एक टोक धरून आपण ह्या माणसाच्या पावलाबरोबर पाऊल टाकलं, आणि आपलं एक वाक्य ऐकायचं तर हा माणूस ते लांबीत पुरतो. रागाच्या खाली भीतीही होती, की त्यांचं बरोबर असेल तर? थकले असतील हात, आणि ते बोलून दाखवण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं असेल तर?

बाबा केस कापायला गेले तेवढ्यात तिने वेटोळं बसवलं. पार्टवाल्याने सांगितल्याप्रमाणे खणाच्या खाली दोन स्क्रू होते. सीटवर उलटी पडून, पाय खिडकीबाहेर काढून, छातीवर विजेरी ठेवून तिने ते काढले, जळकं वेटोळं ओढून घेतलं, नवं सरकवलं. केबली मात्र तशाच राहू दिल्या. क्लिपच नव्हती, आणि बाबा म्हणाले होते त्याप्रमाणे खरोखरच सवय झाली होती. मग तिने बटण एकवर नेलं. आधी वाटलं काहीच झालं नाही. कान लावल्यावर कळलं, आतून झोपलेल्या मुलाच्या श्वासाएवढा आवाज येत होता, आणि हातावर हवा लागत होती. तिला इतका आनंद झाला की ती तशीच उलटी पडून राहिली, आणि तिचे पाय बाहेर बघून आत्याने पुन्हा गल्ली गोळा केली.

सकाळी एक काच पोहोचवायची होती. जिन्यावरच्या खिडकीची, कणीच्या छातीपर्यंत येईल एवढी. दोघांनी मुकाट्याने ती व्हॅनमध्ये चढवली. बाबांनी गाडी सुरू केली आणि नेहमीच्या सवयीने बटणाकडे हात नेला. त्याआधीच कणीने ते एकवर फिरवलं.

गाडीत शांतता पसरली. इंजिन ऐकू आलं, मागे काच चौकटीत किंचित कुरकुरली तीही ऐकू आली. या गाडीत घड्याळ आहे आणि ते टिकटिकतं, हे दोघांनाही पहिल्यांदाच कळलं. कणीने श्वास घेतला.

बाबांनी बटण चारवर नेलं. गिरणी सुरू झाली, एक बिल उडून कणीच्या नाकावर बसलं. कणीने ते बाजूला केलं आणि बटण एकवर आणलं. बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता ते पुन्हा चारवर नेलं. एक. चार. एक. बाबांनी तडजोड म्हणून तीन करून पाहिला. तोही चालत होता, आणि बऱ्यापैकी आवाज करत होता. कणीने एक केला आणि बटणावर हात ठेवून बसली. त्यावर बाबांनी तिचं बोट हलकेच उचललं, बटण उलटं फिरवलं आणि पंखा पार बंद केला.

काच कडांकडून पांढरी होऊ लागली. बाबा मान पुढे काढून, मग वाकडी करून, मग उरलेल्या हाताएवढ्या जागेतून बघत राहिले. ती जागा झाकली गेली तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दोघं चारी बाजूंनी पांढऱ्या खोलीत बसल्यासारखे बसून होते.

"बोल," बाबा म्हणाले.

आता इतक्या शांततेत कणीचा आवाज निघेना. मग निघाला, आणि जसं सांगायचं होतं तसंच तिने सांगितलं, हळूच. रंगीत काचांचं काम, ती बाई, ते शहर, महिनाअखेर. मला जायचंय, पण तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, आणि नको म्हणालात तर मला फार वाईट वाटेल, तेही सांगते. एवढं बोलून ती थांबली.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. त्या बाईंचा कारखान्यात फोन आला होता, कणी बाहेर गेली असताना. मुलगी येणार ना, म्हणून त्यांनी विचारलं. तीच मला सांगेल, मग कळवू, असं बाबांनी सांगितलं होतं.

"मग सांगू का देत नव्हता? लांबीत काय पुरता?"

बाबांनी बाहीने समोरची काच पुसली. ती लगेच पांढरी झाली.

"तू विचारलंस की मला हो म्हणायचं होतं," ते म्हणाले. "नुसतं तोंडाने नाही. तोंडदेखलं हो म्हणालो असतो तर तू आठवड्यात परत आली असतीस. ओळखत नाही का मी तुला? आणि मोठी काच मला अजून एकट्याला जमत नव्हती."

त्यांनी सीटखाली हात घालून दोन वस्तू काढल्या. काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी होत्या त्या, नव्याकोऱ्या, फक्त कडांना लांबी लागलेली. कणी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला त्या सकाळी आठवल्या, तो आवाज, तो झाडू.

"म्हणजे मांजर..."

"बिचाऱ्या मांजराला उगाच बोल लागला," बाबा म्हणाले. "लहान काचा फुटायच्या बंद झाल्या. मधल्या जमल्या. ही एक राहिली होती, आणि तू आधीच हीटर दुरुस्त केलास."

थकलेले हात. महिनाभर कणीने त्या हातांची काळजी वाहिली होती, आणि ते हात भल्या पहाटे उठून तिच्या जाण्याचा सराव करत होते. तिला रडू आलं. रडू आल्यामुळे काच आणखीच पांढरी झाली, म्हणून बाबांनी तिला रुमाल दिला, गाडी चालवायची आहे याची आठवण करून दिली आणि पंखा एकवर लावून गाडी पुढे काढली.

गिऱ्हाइकाच्या घरापाशी पोहोचल्यावर बाबांनी इंजिन चालूच ठेवलं, पंखा बंद केला आणि दार उघडलं. कणीनेही आपलं दार उघडलं.

"तू उतरायचं नाही," बाबा म्हणाले. "बसायचं आणि बघायचं."

मागची दारं उघडली. रबर चिकटल्याचा आवाज आला, मग बाबांचा एक दीर्घ श्वास, मग पावलं. कणीला काहीच दिसेना. समोर नुसतं पांढरं होतं. तिने बटण एकवर नेलं, आणि वारा काचेवर जावा म्हणून सवयीने गरम-गारची दांडी ओढली. काच तळापासून हळूहळू उघडायला लागली. आधी बाबांचे बूट दिसले, एकेक पायरी मोजून टाकणारे. मग गुडघे. मग काचेची खालची कड, सरळ, जराही न कललेली. मग त्या दोन मुठी आणि त्यांवरचे हात. शेवटी तोंड, लालबुंद, दातांत जीभ धरलेलं. कणी दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. तिच्या हातांना काचेचं दुसरं टोक जाणवत होतं, आणि ते तिथे नव्हतं.

बाबा दारापर्यंत पोहोचले. काच शाबूत होती. आणि तिथे ते उभे राहिले.

दार बंद होतं. बेल त्यांच्या खांद्याशी होती आणि दोन्ही हात काचेला होते. त्यांनी कोपर उचलून पाहिलं. काच डुलली, त्यांनी कोपर खाली घेतलं. हनुवटी पोहोचेना. नाकाने दाबावी असंही त्यांच्या मनात येऊन गेलं असावं, कारण ते बेलकडे फार जवळून बघत होते. पहाटे उठून त्यांनी सगळ्याचा सराव केला होता, फक्त दाराचा केला नव्हता, कारखान्याला दारच नव्हतं, नुसतं शटर होतं. आता हाक मारावी तर नियम. काच हातात असताना तोंड बंद. कणीही उतरली नाही. तिला बसायला सांगितलं होतं, आणि आज तरी तिला बाबांचं ऐकायचं होतं. दोघं असे बराच वेळ राहिले.

"कणे," बाबा म्हणाले. पंखा एकवर होता, त्यामुळे ते हळूच म्हणाले तरी गाडीत ऐकू आलं. "बेल."

काच हातात असताना बाबांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. कणी उतरली, पायऱ्या चढली, त्यांच्या काखेखालून हात घालून तिने बेल दाबली. आतून कोणीतरी येत असल्याची चाहूल लागली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, काचेकडेच पाहत होते, पण काचेत दोघांचीही तोंडं दिसत होती.

"बेल दाबायला कुणीही मिळतं," ते म्हणाले. "तू जा."